विभक्तीतला आत्मा

निधनवार्तेच्या शेवटी ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’ असे छापलेले असते. ते वाचताना कोणी थांबत नाही. थांबण्याची ती वेळही नसते. पण संस्कृत व्याकरणाच्या नजरेने पाहिले तर त्यातला पहिलाच शब्द अडचणीचा आहे. ‘मृतात्मा’ या समासाचा विग्रह करायचा कसा? ‘मृत असा आत्मा’ म्हणावे तर तो कर्मधारय होतो आणि गीतेचा दुसरा अध्याय कोलमडतो, कारण जो मरतच नाही त्याला आपण मृत ठरवलेले असते. ‘मृत झाला आहे आत्मा ज्याचा तो’ असा बहुव्रीही केला तर पंचाईत वाढते. तो शब्द मग एखाद्या धडधाकट पण निबर माणसालाच शोभेल. ‘मृताचा आत्मा’ असा षष्ठी तत्पुरुष घेतला की सगळे सुरळीत लागते. अक्षरे तिन्ही वेळा तीच, विग्रह बदलला की सिद्धांत बदलतो. याला शब्दांची कसरत म्हणून सोडून देता येत नाही, कारण १९व्या शतकात मुंबईच्या गिरगावात आणि त्याच्या आसपास धर्माविषयी जे वाद झाले त्यांतला बराच भाग अशी रूपे सोडवण्यातच गेला. त्या काळाचा इतिहास लिहिताना आपण सभा, मंदिरे, सहभोजने आणि विधवाविवाह धर्मसुधारणेच्या प्रकरणात घालतो आणि व्याकरणाची पुस्तके शिक्षणाच्या प्रकरणात. माझे म्हणणे असे की ही दोन प्रकरणे एकाच माणसांनी एकाच हेतूने लिहिलेली आहेत. आत्म्याचा प्रश्न गिरगावात व्याकरणाच्या दाराने आत आला, आणि त्या दारातून पाहताना आत्मा हा देहात राहणारा कोणी पाहुणा दिसण्याआधी ‘आपण स्वतः’ असा दिसू लागला.

माणसे पाहिली म्हणजे हे पटायला लागते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले आणि त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. याच दादोबांनी १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्मसभा काढण्यात पुढाकार घेतला आणि १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. १८६५ मध्ये त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली; तिला नाव दिले ते आईवडिलांचे. १८७८ मध्ये, आयुष्याच्या उतारावर, स्वीडनबोर्ग या युरोपीय गूढवाद्याच्या परलोकविषयक ग्रंथांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. म्हणजे विभक्तिप्रत्ययांपासून मरणोत्तर लोकांपर्यंतचा सगळा प्रवास एकाच माणसाने केला. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. १८७४ मध्ये समाजाचे मंदिर गिरगावात उभे राहिले आणि त्या परिसराला समाजाचेच नाव पडले, इतके की आज बसच्या वाहकाला ‘प्रार्थना समाज’ म्हणताना त्यातल्या प्रार्थनेची कोणाला आठवण होत नाही. जाता जाता एक गोष्ट. संस्थापकाचे ‘आत्माराम’ हे नावच एक समास आहे, आणि तो लोक समजतात तसा नाही. ‘आत्मा हाच राम’ असे म्हणायचे असते तर आत्मन् मधला न् गळून ‘आत्मराम’ झाले असते. दीर्घ ‘त्मा’ सांगतो की दुसरा शब्द ‘आराम’ आहे: स्वतःतच ज्याला आराम, रमणे आहे तो. एका मात्रेने राम जातो आणि आराम येतो.

दुसरे मोठे नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे. त्यांची ‘मार्गोपदेशिका’ १८६४ मध्ये आणि ‘संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका’ १८६८ मध्ये आली. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी या दोन पुस्तकांवरून संस्कृत घोकले याची मोजदाद कठीण आहे. लेखक एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवत आणि प्रार्थना समाजाच्या व्यासपीठावरून प्रवचने करीत. या पुस्तकांची किमया आज लक्षात येत नाही, कारण आपण तशाच पुस्तकांवर वाढलो. त्याआधी संस्कृत शिकायचे म्हणजे पाठशाळेत जायचे, अमरकोश आणि शब्दरूपावली तोंडपाठ करायची, मग सूत्रे, मग वृत्ती. आणि हे सगळे ज्याला ते दार उघडे होते त्यालाच. भांडारकरांनी नियम, उदाहरण आणि वाक्ये अशी पायऱ्यांची रचना केली. सरकारी शाळेतल्या मुलाला कोणाही शास्त्रीबुवांची मर्जी न सांभाळता उपनिषदाच्या वाक्यापर्यंत जाता येईल, अशी ती वाट होती. ‘मार्गोपदेशिका’ हे नाव त्या अर्थाने नेमके आहे. या वाटेवर ‘आत्मन्’ हा शब्द विद्यार्थ्याला लौकरच भेटतो, आणि भेटतो तो तत्त्वज्ञान म्हणून नव्हे, अपवाद म्हणून. राजन् चे तृतीयेचे रूप ‘राज्ञा’ होते, मधला अ उडतो. आत्मन् चे मात्र ‘आत्मना’च राहते, कारण आधी ‘त्म’ हे जोडाक्षर आहे आणि अ उडाला तर उच्चार करणारा अडखळेल. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. पुढे क्रियापदांत तोच शब्द पुन्हा येतो: आत्मनेपद. ‘आत्मने’ ही चतुर्थी, स्वतःसाठी. समासात विभक्तिप्रत्यय गळायला हवा, पण व्याकरणाच्या या संज्ञेत तो तसाच ठेवावा असे पाणिनीच सांगतो. याजक दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आत्मा शिरतो तो असा. तो अमर आहे की नाही हे कळण्याच्या कितीतरी आधी त्याला कळलेले असते की आत्मने म्हणजे स्वतःसाठी.

पुस्तकांना छापखाना लागतो आणि तोही जवळच होता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतला हा छापखाना गिरगावातून पायी जाण्याच्या अंतरावर. जावजी स्वतः लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर होते. त्यांच्या छापखान्यातून पुढे शांकरभाष्यापासून काव्यमालेपर्यंत आणि १०८ उपनिषदांच्या गुटक्यापर्यंत जे संस्कृत बाहेर पडले त्याच्या शुद्धतेवर काशीचे पंडितही विसंबत. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जुन्या पोथ्यांत शब्द एकसलग लिहीत. कुठे तोडायचे हे वाचणाऱ्याने परंपरेवरून ठरवायचे. छापील पानावर मात्र दोन शब्दांत जागा सोडावी लागते, आणि जागा सोडली की खिळे जुळवणाऱ्याने नकळत एक पक्ष घेतलेला असतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, जे सांगतो तिथे ‘आत्मातत्त्वमसि’ अशी अक्षरे एकापुढे एक येतात. ‘आत्मा’नंतर तोडले तर ‘तत् त्वम् असि’, ते तूच आहेस. मध्वाचार्यांनी तिथे ‘आत्मा अतत् त्वम् असि’ असे तोडले, ते तू नाहीस. आत्मा आणि अतत् यांचा संधीही ‘आत्मातत्’ असाच होतो, त्यामुळे व्याकरण मध्वाचार्यांना खोटे पाडू शकत नाही. अद्वैत आणि द्वैत यांच्यातला सारा कलह एका अकारावर उभा राहतो. पोथीत हा अकार झाकलेला होता; छापील पानाने तो उघडा केला, आणि ज्याला संधी सोडवता येतो अशा कोणालाही त्यावर मत देण्याचा अधिकार दिला.

तिसरी बाजू मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि त्यांच्या नावाचे कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झाले आणि दोन्ही पक्षांनी ते छापले. अशा वादात सगळ्यांत नाजूक प्रश्न भाषांतराचा होता. बायबलात दोन कल्पना आहेत: एक प्राण्याचा जीव, दुसरी देवाकडून वाहणारा श्वास. मराठी भाषांतरकारांनी पहिलीसाठी बहुधा ‘जीव’ आणि दुसरीसाठी ‘आत्मा’ घेतला; ‘पवित्र आत्मा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. निवड जाणत्यांची होती. या दुसऱ्या कल्पनेच्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ वारा, श्वास. आणि ऋग्वेदातल्या अंत्यविधीच्या सूक्तात मृताचा डोळा सूर्याकडे जावो आणि आत्मा वाऱ्याकडे, अशी विनवणी आहे, तिथेही आत्मा म्हणजे श्वासच. पण या भाषांतराने आणि एका शब्दासमोर एक इंग्रजी प्रतिशब्द ठेवणाऱ्या कोशांनी ‘आत्मा’ला एक पक्का नामार्थ चिकटवला. देहाहून वेगळा, मोजता येणारा, वाचवता येणारा किंवा गमावता येणारा असा कोणी. त्याच्याशी झगडायचे तर सुधारकांना आपला शब्द मुळातून तपासणे भाग होते.

तो तपासला तर काय दिसते? गीतेच्या सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक घ्या. अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत आत्मन् हा शब्द सात वेळा येतो आणि चार विभक्तींत येतो: आत्मा, आत्मानम्, आत्मना, आत्मनः. ‘आत्म्याने आत्म्याचा उद्धार करावा, आत्म्याला खचवू नये, आत्माच आत्म्याचा भाऊ, आत्माच आत्म्याचा शत्रू’ असे शब्दशः मराठी केले की अर्थाचा चोथा होतो. दुसऱ्या अध्यायात ज्याला शस्त्र तोडत नाही आणि अग्नी जाळत नाही तो सहाव्या अध्यायात खचेल कसा, आणि स्वतःचा वैरी होईल कसा? भाष्यकारांना ही अडचण ठाऊक होती आणि त्यांनी एकाच श्लोकात आत्मन् चे मन, देह, जीव असे वेगवेगळे अर्थ लावून ती सोडवली. व्याकरणाचा मार्ग सोपा आहे. संस्कृतात आत्मन् हा शब्द ‘स्वतः’ या अर्थी सर्वनामासारखा चालतो. कर्ता स्त्री असो, पुरुष असो, अनेक असोत, तो पुल्लिंगी एकवचनीच राहतो. स्त्रिया स्वतःला दोष देतात तेव्हाही ‘आत्मानम्’च. हा श्लोक त्या वापराचा आहे. मुंबईचे काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी १८८२ मध्ये मॅक्स म्युलरच्या मालेसाठी गीतेचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा इथे ‘स्वतः’ या अर्थाचा साधा शब्द वापरला. टिळकांनी गीतारहस्यात याच श्लोकाचा आधार ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात घेतला आणि मराठीत ‘आपण’ वापरले. ज्ञानेश्वरांनी तर सहाशे वर्षांपूर्वीच इथे कोशात स्वतःला कोंडून घेणाऱ्या किड्याचा दृष्टांत दिला आणि शब्द योजला तोही ‘आपण’च.

हा ‘आपण’ योगायोगाने आलेला नाही. तो आत्मन् चाच मुलगा आहे. जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठाने जी भाषाशास्त्रीय व्याख्याने सुरू केली, त्यांत १८७७ साली भांडारकरांनी सात व्याख्याने दिली आणि संस्कृतापासून प्राकृत, प्राकृतापासून आजच्या भाषा असा शब्दांचा वंश उलगडून दाखवला. (ज्या मिशनऱ्याने हिंदू धर्माशी आयुष्यभर वाद घातला त्याच्या नावाच्या गादीवरून प्रार्थना समाजाच्या प्रवचनकाराने मराठीची वंशावळ सांगावी, यातली गंमत त्या काळातल्या श्रोत्यांना कळली असेलच.) वररुचीच्या प्राकृत व्याकरणात आत्मन् मधल्या ‘त्म’चा ‘प्प’ होतो असा नियम आहे. आत्मा, अप्पा, आत्मनः, अप्पणो, आणि तिथून मराठी आपण, आपला, आपोआप, आपलेपणा, आपुलकी. ज्ञानेश्वरीत ‘आपणपें’ हा शब्द ठायी ठायी आहे आणि त्याचा अर्थ स्वत्व, आत्मत्व. म्हणजे मराठीत एकच संस्कृत शब्द दोनदा आला: एकदा हजार-दीड हजार वर्षे तोंडातोंडी झिजत ‘आपण’ होऊन, आणि दुसऱ्यांदा पोथीतून जसाच्या तसा ‘आत्मा’ होऊन. झिजलेल्या रूपाने मूळ अर्थ जपला, न झिजलेल्याने पांडित्य. हिंदीत याच शब्दाचा ‘आप’ झाला आणि समोरच्याला मान देऊ लागला. मराठी ‘आपण’ तेही करतो, पण त्याहून एक जास्तीचे काम करतो: बोलणारा आणि ऐकणारा दोघांना एका शब्दात घेतो. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण जाऊ’ म्हटले की आत येतो. यावरून कोणी अद्वैताचा सिद्धांत काढू नये. द्राविड भाषांत असा भेद आहेच आणि शेजाराचा तो परिणाम असावा. अप्पा-अण्णांतल्या ‘अप्पा’लाही आत्म्याचा वंशज म्हणण्याचा मोह आवरावा, कारण कन्नडात वडिलांना ‘अप्प’ म्हणतात आणि आपला अप्पा तिकडचाच दिसतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘पंकज’ चिखलात जन्मतो म्हणून चिखलातला प्रत्येक किडा पंकज होत नाही. आत्मन् च्या बाबतीत तर मूळही एक नाही. यास्काने तो ‘अत्’ म्हणजे सतत जाणे किंवा ‘आप्’ म्हणजे व्यापणे यांवरून आणला. उणादि सूत्रांत अत् धातूला मनिण् प्रत्यय लावून तो साधतात. आणि कठोपनिषदावरच्या भाष्यात शंकराचार्य एक जुना श्लोक देतात, त्यात व्यापतो, घेतो, खातो आणि सतत असतो अशा चार व्युत्पत्ती शेजारी शेजारी नांदतात. चार व्युत्पत्ती देणारा माणूस व्युत्पत्तीवर सिद्धांत बांधत नसतो. ठरलेल्या सिद्धांताला व्युत्पत्तीची फुले वाहत असतो. हे सगळे मान्य. पण माझा मुद्दा व्युत्पत्तीचा नाही, विभक्तीचा आहे. शब्द कुठून आला हे सांगणे एक, आणि वाक्यात तो काय करतो हे दाखवणे दुसरे. अमरकोशाने आत्मन् ला यत्न, धृती, बुद्धी, स्वभाव, ब्रह्म आणि देह असे अर्थ दिले आहेत. ज्या शब्दाचा अर्थ ब्रह्मही आहे आणि देहही, त्यातला कोणता अर्थ इथे घ्यायचा हे धातू सांगत नाही. शेजारचे क्रियापद आणि पुढचा प्रत्यय सांगतात. भांडारकरांची पिढी व्युत्पत्तीच्या नादाला कधी कधी लागलीच, पण तिची खरी शिदोरी वाक्यरचनेची होती.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हे सगळे चार शिकलेल्या घरांतले आहे. गिरगावच्या वाड्यांत आणि प्रार्थना मंदिराच्या बाकांवर बसणाऱ्यांची संख्या ती किती! परळ-लालबागच्या गिरण्यांत बारा बारा तास राबणाऱ्याला आत्मनेपद ठाऊक नव्हते, आणि रात्री चाळीच्या गच्चीवर अभंग म्हणताना त्याचे काही अडलेही नाही. पुण्यात जोतीराव फुल्यांनी प्रार्थना समाजासारख्या सुधारकांवर जी टीका केली तिचा रोख हाच होता: जुन्या ग्रंथांची नवी राखण. हा दोष पुसून टाकता येत नाही, आणि व्याकरणाचे पुस्तक विकत मिळू लागले म्हणून विद्या सर्वांची झाली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मात्र चाळीतल्या मराठीकडे कान दिला तर ती माझ्याच बाजूने साक्ष देते. तिथे मरताना जीव जातो, काळजीने जीव टांगणीला लागतो, लेकरावर जीव जडतो. ‘आत्मा गेला’ असे कोणी म्हणत नाही. आणि ‘आत्मा’ आला तर तो कुठे? पोटभर जेवल्यावर आत्मा थंड होतो, आत्माराम गार होतो. अमरकोशातला ‘देह’ हा अर्थ पंडितांनी कोशात ठेवला तो भाकरीच्या तुकड्यापाशी जिवंत राहिला. दादरच्या राजगृहात राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारले की बुद्धाने आत्मा नाकारला तर कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय करायचे. पालीत आत्मन् चा ‘अत्ता’ होतो आणि त्याच्या नकाराला ‘अनत्ता’ म्हणतात. शब्द एकच, मराठीकडे येताना त्याला ‘प’ लागला आणि पालीकडे जाताना ‘त’. नाकारायचा तो कोणता आत्मा, देहातला पाहुणा की ‘आपण’, हा प्रश्न तिथेही रूप पाहिल्याशिवाय नीट मांडता येत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. व्याकरणाने आत्म्याचा निकाल लावला असता तर प्रार्थना समाज अद्वैती व्हायला हवा होता किंवा निरात्मवादी. प्रत्यक्षात तो झाला भक्तिमार्गी. एक देव, त्याची प्रार्थना करणारा जीव, आणि दोघांत प्रेमाचे अंतर; हे त्यांनी तुकारामाच्या गाथेतून घेतले, ब्राह्म समाजाकडून घेतले, आणि ख्रिस्ती उपासनेकडे डोळे मिटून घेतले असे म्हणता येत नाही. खरे आहे. पण व्याकरण सिद्धांत देत नाही, ते सिद्धांताची मक्तेदारी मोडते. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरच्या ग्रंथात ठामपणे मांडले की उपनिषदे एकच एक मत शिकवत नाहीत, त्यांत अनेक मते आहेत. शंकराचार्यांचे त्यांतले एक वाचन. हे म्हणायला धैर्य लागत होते आणि ते धैर्य भक्तीतून आले नव्हते. एका शब्दाला एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरा अर्थ असू शकतो, हे ज्याने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांत दुरुस्त केले त्यालाच ते सुचते. ब्रह्मन् हा शब्द नपुंसकलिंगी चालवला तर ‘ते ब्रह्म’, पुल्लिंगी चालवला तर चार तोंडांचा ब्रह्मदेव. लिंग बदलले की निर्गुणाला दाढी फुटते. अशा भाषेच्या शिक्षकाला ‘शास्त्रात असे आहे’ हे वाक्य पुरे पडत नाही. शास्त्रात कोणत्या विभक्तीत आहे, ते त्याला विचारावेसे वाटते.

तरी पुढच्या शतकात रोजच्या लिहिण्यात टिकला तो कोशातला आत्मा. त्याला मराठीत घर सहज मिळाले हेही एक कारण असावे. आकारान्त शब्द पुल्लिंगी असणे मराठीला अंगवळणी आहे. घोडा, घोड्याला, घोडे तसा आत्मा, आत्म्याला, आत्मे. ‘राजा’ मात्र काका-मामांच्या पंगतीत बसला आणि त्याचे ‘राजाला’ झाले, कारण ‘राज्याला’ म्हटले असते तर राजा की राज्य हे कळले नसते. हिंदीत आकारान्त तत्सम शब्द स्त्रीलिंगी वाटतात, जोडीला उर्दूची ‘रूह’ स्त्रीलिंगी. तिथे आत्मा ‘ती’ झाली. आपल्याकडे तो पुरुष राहिला आणि चारचौघांसारखा चालू लागला, अनेकवचनासकट. सर्वनामाला असे अनेकवचन होत नसते, वस्तूंना होते. निधनवार्तेतला मृतात्मा हा त्या वस्तूचा वारस. वाळकेश्वरला बाणगंगेवर दहाव्या-बाराव्याचे विधी चालतात, त्यांत ज्याला पिंड दिला जातो त्याला संकल्पात ‘प्रेत’ म्हणतात, प्र अधिक इत, पुढे गेलेला. सपिंडीकरणानंतर तो पितर होतो. विधीला आत्म्याची गरज पडत नाही. मग चंदनवाडीहून परतलेल्या आप्तांच्या वतीने छापल्या जाणाऱ्या चौकटीत तो कुठून आला? इंग्रजी शोकसंदेशातून, असा माझा तर्क आहे. भूतशांती आणि उदकशांत आपल्याकडे होतीच, तेव्हा ‘शांती’ आपली आणि ‘आत्मा’ पाहुणा, इतपत वाटणी करायला हरकत नाही.

याच मुंबईने विसाव्या शतकात आत्मन् चा एक नवा समास रोजच्या तोंडी आणला: हुतात्मा. सावरकरांनी घडवलेल्या शब्दांच्या यादीत तो नेहमी असतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये गिरगाव-परळ-लालबागच्या रस्त्यांवर पुन्हा झाला, आणि पुढे त्या फाउंटनच्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. हु म्हणजे आहुती देणे; हुत म्हणजे अग्नीत दिलेले. ‘हुत असा आत्मा’ म्हणाल तर गीता पुन्हा आडवी येते, अग्नी ज्याला जाळत नाही त्याची आहुती द्यायची कशी? विग्रह आहे तो ‘हुतः आत्मा येन सः’, ज्याने स्वतःला आहुतीत दिले तो. बहुव्रीही, आणि तोही तृतीयेचा: कर्ता बाहेर उभा आहे आणि देतो आहे ते आपले आपण. या समासात आत्मन् चा अर्थ पुन्हा तोच आहे जो ‘आत्मने’त होता, जो ज्ञानेश्वरांच्या ‘आपणपें’मध्ये होता. कोशातला अमर आत्मा इथे चालत नाही. गोळी लागते त्याचाच हा शब्द आहे.